पनामास प्रथम जाणाऱ्यांसाठीं

श्रोतेहो, मी पनामास जाऊन आलों तेव्हांपासून भेटणारा प्रत्येक गृहस्थ मला एकच प्रश्न विचारतो: "तो कालवा पाहिलात का हो?" कालवा पाहिला, आणि त्याविषयीं मी पुढें सांगणारहि आहें. परंतु ज्यांना तेथें खरोखरीच जावयाचें आहे, म्हणजे कोणाची मुलगी तिकडे नांदते आहे, कोणाचा मुलगा जहाजावर आहे, कोणी व्यापारानिमित्त निघाला आहे, त्यांनीं मला निराळाच प्रश्न विचारावा अशी माझी इच्छा असते. तो असा कीं, निघण्यापूर्वीं घरीं बसून काय काय करावें? पनामाच्या प्रवासांत जें चुकतें तें बहुधा घरींच, तिकीट काढण्याच्या सुमारास चुकतें. आमचेंहि चुकतच होतें.

मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर. छत्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला आणि तेवढीं वर्षें नकाशावर छडी ठेवून पनामाची संयोगभूमि दाखविली. पण आपण कधीं तेथें पाऊल ठेवूं असें स्वप्नांतहि आलें नव्हतें. जांवई तेथील एका व्यापारी पेढींत नोकरीस लागले, मुलीला दिवस गेले, आणि "आई हवीच" असा तिचा निरोप आला. त्यामुळें मी व आमची सौभाग्यवती अशीं दोघेंहि वयाच्या साठीनंतर पहिल्या परदेशप्रवासाला निघालों. तिकिटें काढून देणाऱ्या दलालानें पैसे घेतले, कागद दिले, आणि "आतां कांहीं राहिलें नाहीं" असें छातीठोकपणें सांगितलें. निघावयास सतरा दिवस उरले होते. त्या सायंकाळीं आमच्या वाडींतला, तेलवाहू जहाजावर काम करणारा एक तरुण सुटीवर आलेला होता, तो जिन्यांत भेटला. पनामा म्हणतांच त्यानें विचारलें, "काका, पिवळें कार्ड काढलेंत ना?"

पिवळें कार्ड म्हणजे काय, हें मला ठाऊक नव्हतें. आजच्या भाषणाचा गाभा तेंच कार्ड आहे. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वीं इतर तयारी थोडक्यांत आटोपतों.

आपल्याकडून पनामास सरळ विमान जात नाहीं. ॲम्स्टरडॅम, पॅरिस, माद्रिद किंवा इस्तंबूल येथें विमान बदलावें लागतें. अमेरिकेवरून गेल्यास तिकीट कधीं स्वस्त पडतें; परंतु अमेरिकेच्या भूमीवर नुसतें विमान बदलावयाचें असलें तरी त्या देशाचा व्हिसा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. युरोपांतील कांहीं विमानतळांवरहि तशी परवानगी लागूं शकते, म्हणून मार्ग ठरवितांनाच ती चौकशी करावी. पनामाचा स्वतःचा व्हिसा आपल्याला लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपीय संघ अशांपैकीं कोणाचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा ज्याच्यापाशीं आहे आणि तो एकदां तरी वापरलेला आहे, त्याला त्यांतून सवलत मिळते. मात्र या सवलतीच्या अटी मधून मधून बदलतात. त्यांची वकिलात नवी दिल्लीस आहे. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वीं तेथें विचारावें, दलालाच्या शब्दावर विसंबूं नये. विमानतळावर परतीचें तिकीट आणि निदान पांचशें डॉलर जवळ असल्याचा पुरावा मागतात, तो हाताशीं ठेवावा.

पैशाची गोष्ट तेथें मोठी सोपी आहे. त्या देशाच्या चलनाचें नांव बाल्बोआ; पण बाल्बोआच्या नोटा चालूं व्यवहारांत नाहींत, केवळ नाणीं आहेत. नोटा सर्व अमेरिकन डॉलरच्या. एक बाल्बोआ म्हणजे एक डॉलर, हा हिशेब 1904 पासून चालत आला आहे. आपण मात्र जातांना पांच, दहा व वीस डॉलरच्या नोटा न्याव्या. पन्नास किंवा शंभराची नोट दुकानदाराच्या पुढें केली कीं तो ती उजेडांत धरून पाहतो, कोठें वहींत नांव व पासपोर्टचा क्रमांक लिहून घेतात, आणि लहान दुकानांत ती सरळ परत करतात.

विजेचा दाब आपल्या निम्मा, म्हणजे 110 ते 120 व्होल्टच्या आसपास आहे आणि खुंट्याची भोंकें चपटीं आहेत. आमच्या घरांतून मुलीसाठीं चटण्या वाटण्याचें यंत्र मोठ्या हौसेनें नेलें. तें तेथें लावलें तेव्हां म्हाताऱ्या बोक्याप्रमाणें नुसतें गुरगुरलें, आणि तसेंच परत आलें. वजनाचे पांच किलो वायां गेले. त्यापेक्षां प्रेशर कुकर न्यावा. त्याला विजेशीं कर्तव्य नसतें. ताजीं फळें, बियाणें, दुधाचे व मांसाचे पदार्थ यांबाबत तेथील जकात अधिकारी दक्ष असतात. बाळंतिणीसाठीं अळीव न्यावयाचे होते. कच्चें बीं नेण्यापेक्षां आम्हीं त्यांचे लाडूच करून नेले, आणि फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असें सरळ लिहून टाकलें. अधिकाऱ्यानें डबा उघडून पाहिला, हुंगला, आणि परत दिला.

हवा कोंकणासारखी. मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत पाऊस, आणि डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडें. गंमत अशी कीं, हा देश विषुववृत्ताच्या उत्तरेस असूनहि तेथील लोक आपल्या जानेवारीला उन्हाळा म्हणतात आणि जुलैला हिवाळा. कोरडा ऋतु तो त्यांचा उन्हाळा व पावसाचा तो हिवाळा, इतकाच त्याचा अर्थ. थंडी कधींच नसते. तेव्हां कोणी "हिवाळ्यांत या" म्हटल्यास लोंकरी कपडे न बांधतां छत्री बांधावी. पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, म्हणून बाहेरचीं कामें सकाळीं उरकावीं. एक पातळ स्वेटर मात्र न्यावाच. तो पावसाकरितां नव्हे, तर बसगाड्या, दुकानें व कचेऱ्या यांतील कृत्रिम गारव्याकरितां. तेथील लोक नीटनेटके राहतात. सरकारी कचेरींत अर्ध्या चड्डीवर गेलेल्या माणसाला दारावरूनच परत पाठवितात. असा एक उंचापुरा गोरा प्रवासी रागारागानें परततांना मीं प्रत्यक्ष पाहिला.

भाषा स्पॅनिश. इंग्रजीवर सर्वत्र निभेल अशा समजुतींत राहूं नये. शंभर शब्द पाठ करून जावे, आणि त्यांतला पहिला "बुएनास". दुकानांत शिरतांना, पाळण्यांतून वर जातांना, दवाखान्याच्या बाकावर बसतांना, समोर कोणीहि अनोळखी असो, प्रथम "बुएनास" म्हणावयाचें. मग काम सांगावयाचें. तें न म्हणतां एकदम भाव विचारणारा मनुष्य तेथें उद्धट ठरतो. मी पहिले दोन दिवस तसाच वागलों, आणि हे लोक असे तुसडे कां, याचें नवल करीत राहिलों. तिसऱ्या दिवशीं मुलीनें चूक दाखविली. त्यानंतर त्याच दुकानांतली बाई मला पपई निवडून देऊं लागली. दुसरा शब्द "आओरीता". शब्दकोशांत त्याचा अर्थ "आत्तां" असा आहे. प्रत्यक्षांत तो आपल्या "येतोंच हं" या बोलासारखा आहे. त्यावर भरंवसा ठेवून जिन्यांत उभें राहूं नये.

शाकाहारी मंडळींच्या मनांत जेवणाची धास्ती असते. ती अगदीं खोटी नाहीं. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढें म्हटल्यानें भागत नाहीं. "कार्ने" या शब्दानें पुष्कळांना केवळ गोमांस कळतें, आणि कोंबडी घातलेला भात हंसतमुखानें पुढें येतो. म्हणून कोंबडी, डुकराचें मांस आणि मासळी यांचीं नांवें स्वतंत्र घेऊन नको म्हणावें: "सिन पोयो, सिन पुएर्को, सिन पेस्कादो". उसळींत डुकराच्या मांसाचा तुकडा पडलेला असूं शकतो, तोहि विचारून घ्यावा. एवढें पथ्य पाळल्यास उपाशी राहण्याचें कारण नाहीं. कच्चीं केळीं चपटीं करून दोनदां तळतात, त्यांस "पाताकोनेस" म्हणतात. मैद्याची तळलेली "ओखाल्द्रे" ही आपल्या फुगलेल्या पुरीची मोठी बहीणच होय. "युका" म्हणून जो कंद तेथें रोज खातात, त्याच्याच पिठापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो. आणि एका रविवारीं जांवयांच्या शेजारणीनें नारळाच्या दुधांत शिजविलेला भात आणून दिला, त्यांत कसले दाणे आहेत म्हणून पाहिलें, तर तूर! तेथें तिला "ग्वांदू" म्हणतात. मूळची आपल्याकडील ही तूर आफ्रिकेंतून अटलांटिक ओलांडून तेथवर पोहोंचली. आमच्या घरांतून तो भात चाखला आणि म्हटलें, "फोडणी हवी होती." राजधानींत नळाचें पाणी पिण्यास चांगलें आहे, बोकास देल तोरो बेटांकडे गेल्यास मात्र बाटलींतलें घ्यावें.

शहरांत हिंडण्यास भुयारी व उन्नत रेल्वे आहे. तिचा पहिला मार्ग 2014 साली सुरू झाला आणि मध्य अमेरिकेंतील ती पहिलीच. कार्ड घेऊन त्यांत पैसे भरून ठेवले कीं फार थोडक्या पैशांत सर्व शहर होतें. भाड्याच्या मोटारींना मीटर नसतो, म्हणून बसण्यापूर्वीं भाडें ठरवावें. घरांना क्रमांक क्वचित्. पत्ता सांगतात तो अमक्या औषधांच्या दुकानासमोर, तमक्या चर्चच्या मागें, असा. पुणेकरांना याचें कांहींच वाटणार नाहीं. जुनें शहर, ज्याला कास्को व्हिएखो म्हणतात, तें दिवसा खुशाल पायीं पाहावें. परंतु त्याच्या लगतचे एल चोरियोसारखे मोहल्ले आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचें कोलोन शहर येथें माहितगाराशिवाय भटकूं नये. हिंदी लोकांची वस्ती तेथें पुष्कळ वर्षांची आहे. सिंधी व गुजराती व्यापारी जुने रहिवासी. राजधानींत एका टेंकडीवर हिंदु मंदिरहि आहे.

आतां कालवा. मिराफ्लोरेस येथें प्रेक्षकांसाठीं सज्जे बांधलेले आहेत. पुष्कळ लोक ऐन दुपारीं जातात आणि रिकामे हौद पाहून परत येतात. मोठीं जहाजें साधारणतः सकाळीं एका बाजूनें व दुपारीं तीनच्या पुढें दुसऱ्या बाजूनें जातात; म्हणून एक तर सकाळीं लवकर जावें, नाहीं तर दुपार कलल्यावर. कालवा म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत खणलेला सरळ चर, अशी माझ्या विद्यार्थ्यांची समजूत असे, आणि खरें सांगतों, पुष्कळ वर्षें माझीहि होती. तसें नाहीं. मध्यें चाग्रेस नदीला बांध घालून गातून नांवाचें सरोवर केलें आहे, तें समुद्रापेक्षां 26 मीटर उंच आहे. जहाज दरवाजांच्या हौदांत घ्यावयाचें, हौद भरून वर उचलावयाचें, सरोवरांतून न्यावयाचें आणि पलीकडे तसेंच उतरवावयाचें. याला पंप नाहींत; पाणी आपल्या ओढीनें वरून खालीं येतें. एक जहाज पार होतांना सुमारें वीस कोटि लिटर गोडें पाणी समुद्रास मिळतें. ह्याच पाणलोटांतून राजधानीस पिण्याचें पाणीहि मिळत असल्यामुळें, 2023 साली पाऊस कमी झाला तेव्हां रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या बरीच कमी करावी लागली होती.

आणखी एक मौज. पॅसिफिक पश्चिमेस व अटलांटिक पूर्वेस, हें मीं छत्तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. पण ती संयोगभूमि तेथें अशी कांहीं वळली आहे कीं, कालव्याचें पॅसिफिककडील तोंड अटलांटिककडील तोंडापेक्षां पूर्वेस पडतें. पहिल्याच पहांटे मुलीच्या गच्चींतून मीं पॅसिफिकमधून सूर्य उगवतांना पाहिला, आणि मागील छत्तीस वर्षांच्या मुलांची मनांतल्या मनांत क्षमा मागितली.

या कालव्याजवळच अंकोन नांवाची टेंकडी आहे. पिवळ्या कार्डाची गोष्ट तेथून सुरू होते. सुएझचा कालवा करणाऱ्या लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीनें 1881 साली येथें काम आरंभिलें आणि 1889 साली तिचें दिवाळें निघालें. मध्यंतरीं सुमारें बावीस हजार माणसें मेलीं असा अंदाज आहे. तीं मुख्यत्वेंकरून पीतज्वरानें व हिंवतापानें. त्या कामाचे मुख्य अधिकारी ज्यूल डिंगलर आपल्या कुटुंबासह तेथें राहावयास आले होते. त्यांची मुलगी पीतज्वरानें गेली, महिन्याभरांत मुलगा गेला, मुलीचा नियोजित वर गेला, आणि पुढें पत्नीहि गेली. हें वाचीत असतां माझी मुलगी शेजारच्या खोलींत झोंपलेली होती, आणि तिचा बाळ सात दिवसांचा होता.

फ्रेंचांनीं अंकोनच्या टेंकडीवर उत्तम रुग्णालय बांधलें होतें. सभोंवतीं बाग होती. झाडांना मुंग्या लागूं नयेत म्हणून बुंध्यांभोंवतीं पाण्याचीं मातीचीं कडीं केलेलीं असत, आणि रोग्यांच्या अंगावर मुंग्या चढूं नयेत म्हणून खाटेच्या प्रत्येक पायाखालीं पाण्याची वाटी ठेवीत. श्रोतेहो, आपल्या घरांत जाळीच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत असत, त्या आठवतात ना? अगदीं तशाच. मुंग्या आल्या नाहींत. पण त्या वाट्यांत डांसांनीं अंडीं घातलीं, आणि पीतज्वराचा डांस नेमका घरांतल्या स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच वाढतो. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. एखादा मनुष्य पाय मोडला म्हणून रुग्णालयांत येई आणि शेजारच्या खाटेवरचा पीतज्वर घेऊन मरे.

हा रोग डांसानें पसरतो असें हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनीं 1881 सालींच, म्हणजे फ्रेंचांचें काम सुरू झालें त्याच वर्षीं, सांगितलें होतें. त्यांच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. 1897 साली आपल्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना हिंवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत सांपडले, आणि 1900 साली क्यूबांत वॉल्टर रीड यांच्या मंडळानें फिनले यांचें म्हणणें प्रयोगानें सिद्ध केलें. अमेरिकनांनीं 1904 साली कालव्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां डॉक्टर गॉर्गस यांनीं शहरांतील पिंपें झांकलीं, घरोघर धुरी दिली, जाळ्या बसविल्या, आणि घरांत पाणी सांठवावेंच लागूं नये म्हणून नळ आणविण्याचा आग्रह धरला. वरिष्ठांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं. पण 1905 संपण्याच्या सुमारास पनामा शहरांतून पीतज्वर गेला, तो गेलाच. कालवा 1914 साली खुला झाला. 1937 साली मॅक्स थायलर यांनीं त्या रोगावरील लस सिद्ध केली. तीच अजून टोंचतात.

कोणी म्हणेल, रोग शहरांतून गेला तर आतां कार्ड कशाला? त्याचें उत्तर असें. रानांतील माकडांत तो अजून आहे. कालव्याच्या पूर्वेकडील दारिएनसारख्या अरण्यप्रदेशांत धोका आहे. राजधानींत व कालव्याच्या पट्ट्यांत नाहीं. तेव्हां केवळ शहरांत राहणाऱ्या आपल्यासारख्याला स्वतःच्या जिवासाठीं ती लस फारशी लागत नाहीं, आणि आपल्याकडून सरळ येणाऱ्या प्रवाशाजवळ पनामाचे लोक ती मागतहि नाहींत. ती मागतात आपल्याच घरच्या दारांत, परत येतांना. पीतज्वराचा डांस आपल्याकडे घरोघर आहे; डेंग्यू पसरवितो तोच हा. रोग मात्र आशियांत अद्यापि रुजलेला नाहीं, आणि लस टोंचून घेतलेलीं माणसें आपल्यांत बोटांवर मोजण्याइतकीं. डांस तयार, माणसें उघडीं. फक्त एक तापलेला प्रवासी येण्याचा अवकाश. म्हणून आपल्या सरकारच्या यादींत पनामाचें नांव आहे. त्या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आंत जो भारतांत उतरेल, त्याच्यापाशीं कार्ड नसल्यास त्याला ते सहा दिवस पुरे होईपर्यंत क्वारंटाइनमध्यें ठेवतात. सहाच कां? अंगांत शिरलेला हा रोग बहुधा तीन ते सहा दिवसांत प्रगट होतो म्हणून. तेथील विमानतळाबाहेर पाऊल न टाकतां केवळ विमान बदललें असेल तर आरोग्य अधिकारी सूट देऊं शकतो. पण ती त्याच्या समजुतीवर अवलंबून आहे.

लस कोणत्याहि डॉक्टराकडे मिळत नाहीं. सरकारमान्य केंद्रें थोडीं, दिवस ठरलेले, आणि नांव आधीं नोंदवावें लागतें. पासपोर्ट मूळचा न्यावा. नक्कल चालत नाहीं. टोंचल्यापासून दहा दिवसांनीं प्रमाणपत्र ग्राह्य होतें. पूर्वीं त्याची मुदत दहा वर्षांची असे. 2016 च्या जुलैपासून तें आजन्म चालतें, आणि जुनीं कार्डेंहि त्यांत येतात. तेव्हां कपाटांत जुनें कार्ड असेल तर टाकून देऊं नका.

परंतु खरी अडचण याच्या पुढें आहे, आणि ती आपल्या वयाच्या मंडळींनीं कान देऊन ऐकावी. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. ज्यांना अंड्याचें तीव्र वावडें आहे, ज्यांची प्रतिकारशक्ति रोगानें वा औषधानें क्षीण झाली आहे, त्यांना ती देत नाहींत. साठीनंतर प्रथमच घेणारास गंभीर अपाय होण्याचा संभव तरुणापेक्षां अधिक असतो. तो थोडा असला तरी असतो. म्हणून आपल्या नेहमींच्या डॉक्टरास सर्व औषधें दाखवून विचारल्याशिवाय केंद्राच्या रांगेंत उभें राहूं नये. आमच्या डॉक्टरांनीं मला तपासून "घ्या" म्हणून सांगितलें. आमच्या घरांतून संधिवातासाठीं जें औषध चालूं आहे तें प्रतिकारशक्ति दाबणारें. त्यांना त्यांनीं स्पष्ट "नाहीं" म्हटलें. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी जेवलें नाहीं. मुलीला आई हवी होती. माझी तिला काय किंमत! आणि जिला जावयाचें तीच अडलेली.

सौभाग्यवती म्हणाल्या, "सहा दिवस ठेवतील ना? ठेवूं द्या. पूर्वीं प्लेगांत लोक महिनेच्या महिने झोंपड्यांत राहिले." मला तें पटेना. दुसऱ्या दिवशीं मी आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरींत गेलों आणि नियमाचा शब्द न् शब्द समजावून घेतला. नियम पनामांतून निघाल्यापासूनच्या सहा दिवसांचा आहे. ते दिवस कोठें काढावे हें त्यांत नाहीं. माझा पुतण्या हॉलंडांत नोकरीस आहे, आणि पनामाहून ॲम्स्टरडॅमला सरळ विमान येतें. परतीचीं तिकिटें बदलून मध्यें आठ दिवस त्याच्याकडे मुक्काम ठरविला. त्यासाठीं युरोपचा व्हिसा काढावा लागला, तिकिटाचा दंड पडला, आणि व्हिसाच्या खटपटीपायीं निघणें नऊ दिवस पुढें ढकलावें लागलें. नातू आमच्या पोहोंचण्याच्या चार दिवस आधींच जन्मला. दलालानें पहिल्याच दिवशीं एक वाक्य सांगितलें असतें तर आजी वेळेवर पोहोंचली असती. म्हणून म्हणतों, तिकिटापूर्वीं दोन महिने ही चौकशी करा.

पनामांत असतांना आम्हीं अरण्याची वाट धरली नाहीं. तेथें डेंग्यूहि असल्यामुळें सकाळ-संध्याकाळ पूर्ण बाह्यांचे कपडे घालीत असूं आणि डांसांचें मलम लावीत असूं. मुलीच्या गच्चींतल्या कुंड्यांखालच्या बशा मीं पहिल्याच दिवशीं उपड्या केल्या. जांवई हंसले. पुढें त्यांना अंकोनच्या वाट्यांची हकीकत सांगितली, तेव्हां ते स्वतः रोज पाहूं लागले.

परत आलों त्या पहांटे मुंबईच्या विमानतळावर आरोग्य विभागाच्या मेजापाशीं एक तरुण बाई बसल्या होत्या. माझें कार्ड त्यांनीं उघडलें, तारीख पाहिली आणि परत दिलें. सौभाग्यवतींचा पासपोर्ट घेऊन पनामांतून निघाल्याचा शिक्का शोधला, मग हॉलंडचा शोधला, आणि बोटांवर दिवस मोजले. एकदां मोजून झाल्यावर पुन्हां मोजले. "नववा दिवस आहे, आजी. जा," असें त्या म्हणाल्या. माझ्या मागें उभ्या असलेल्या एका कुटुंबाजवळ कार्डें नव्हतीं; त्यांना बाजूच्या बाकावर बसविण्यांत आलें. आम्ही सामान घेऊन बाहेर पडलों तेव्हांहि तीं तेथेंच बसलेलीं होतीं, आणि त्यांतला लहान मुलगा पेंगत होता.

माझें कार्ड मीं पासपोर्टच्या वेष्टनांत टांचून ठेवलें आहे. मला तें जन्मभर पुरेल. आमच्या घरांतून मात्र पुढच्या खेपेसहि हॉलंडावरूनच यावें लागेल, आणि पुतण्याच्या बायकोनें त्या आठ दिवसांसाठीं पुरणपोळ्यांची मागणी आतांच नोंदवून ठेवली आहे.